पाचोळा पेटविण्यापूर्वी

(संस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यात कोणत्या विषयावर बोलणार, असे चिटणीस साहेबांनी मला फोनवर विचारले. मी म्हणालो, "पाचोळा." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी विचारले, "म्हणजे काही रूपक वगैरे आहे का?" मी मराठीचा शिक्षक, तेव्हा त्यांना तसे वाटणे साहजिक होते. मी म्हणालो, "नाही साहेब, खराखुरा पाचोळा. झाडाखाली पडतो तो." त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला, म्हणून मी आज आपणासमोर उभा आहे.

प्रथम एक कबुली दिलेली बरी. मी शास्त्राचा पदवीधर नाही. मराठी विषय घेऊन बी.ए. केले, नंतर बी.एड. केले. शास्त्राशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, आणि तो संपल्याचा मला त्या वेळी आनंदच झाला होता. पुढे 2022 साली आमच्या शाळेतील विज्ञानाचे शिक्षक निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरली जाईपर्यंत सहावी-सातवीचे विज्ञानाचे तास माझ्याकडे आले. हे 'भरली जाईपर्यंत' आपल्या क्षेत्रात किती लांबू शकते, ते इथे बसलेल्या शिक्षकांना सांगावयास नको.

शाळा नुकतीच उघडली होती. सातवीच्या वर्गात मी फळ्यावर लिहिले, 'पाने कुजून त्यांचे खत होते.' मुलांनी वहीत उतरवून घेतले. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, कुजतात म्हणजे कोण काय करतं?"

मी म्हणालो, "सूक्ष्म जीव कुजवतात."

"ते दिसतात का?"

"नाही. म्हणून तर सूक्ष्म म्हणायचं."

ती खाली बसली. तिचे समाधान झाले नव्हते, हे मला दिसत होते. माझे तरी कुठे झाले होते? व्याकरणात 'कुजणे' हे अकर्मक क्रियापद आहे. त्याला कर्म नसते. पण काम होते म्हणजे करणारा कोणीतरी हवा, हा त्या मुलीचा मुद्दा अगदी बरोबर होता.

त्याच आठवड्यातील शनिवारची गोष्ट. शनिवारी आमच्याकडे श्रमदान असते. मे महिन्यात आवारात साचलेला आंब्याचा नि फणसाचा पाचोळा मुलांनी कोपऱ्यात गोळा केला होता. दरवर्षीप्रमाणे तो पेटविण्याची आज्ञा मीच दिली. परंतु पाऊस सुरू झालेला. ढीग पेटेना, नुसता धूर येऊ लागला. म्हणून शिपाईमामांनी फावड्याने वरचा थर बाजूला केला. खालची पाने ओली, काळपट, एकमेकांना चिकटलेली होती. त्यांतली दोन पाने एका मुलाच्या वहीच्या कोऱ्या पानावर पडली आणि त्या पांढऱ्या कागदावर शेकडो ठिपके टणाटण उड्या मारू लागले. मुले ओरडत मागे सरली. शिपाईमामा म्हणाले, "पिसवा झाल्यात. पावडर मारायला पायजे."

पिसवा नव्हत्या त्या. पण हे मला कळायला पुढे बरेच दिवस लागले. त्या वेळी मी एवढेच केले, की भूगोलाच्या कपाटातले नकाशे वाचायचे भिंग आणविले आणि त्या मुलीला पुढे बोलाविले. तिने बराच वेळ पाहिले. मग भिंग माझ्या हातात देत म्हणाली, "सर, दिसतात की!"

तेव्हापासून मला हा नाद लागला. आज मी जे सांगणार आहे ते या तीन-चार वर्षांत मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिलेले आहे. जिथे पुस्तकांचा आणि जाणकारांचा आधार घेतला तिथे तोही ओघाने सांगेन.

त्या उड्या मारणाऱ्या जिवाला इंग्रजीत स्प्रिंगटेल म्हणतात. आमच्या मुलांनी त्याचे नाव 'टुणटुण्या' ठेवले आहे आणि मला ते शास्त्रीय नावापेक्षा आवडते. हा बहुधा एक-दोन मिलिमीटर लांब असतो. म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान. त्याच्या पोटाखाली दोन फाट्यांची एक काडी दुमडून चापात अडकविलेली असते. धोका जाणवला की चाप सुटतो, काडी जमिनीवर आपटते आणि हा हवेत उडतो. कुठे जाऊन पडणार ते त्यालाही ठाऊक नसते. पिसू लांब पायांच्या जोरावर उडी मारते नि रक्त पिते. टुणटुण्या कोणाला चावत नाही, रक्ताशी त्याला देणेघेणे नाही. तो बुरशी खातो, कुजक्या पानांचे कण खातो. त्याच्या अंगावर पाणी ठरत नाही. पावसाच्या डबक्यावर राखाडी भुकटी तरंगताना दिसली तर जरा वाकून पहा, ती भुकटी चालू लागेल.

याला पाय सहा, पण आजचे शास्त्रज्ञ त्याला कीटकांत धरत नाहीत. तोंडाचे अवयव डोक्याच्या आत लपलेले असल्यामुळे त्याचा वेगळा वर्ग मानतात. हे घराणेही फार जुने. स्कॉटलंडमधील रायनी या गावाजवळच्या खडकात त्याचे अवशेष मिळाले आहेत, ते सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीचे. पृथ्वीवर तेव्हा पक्षी नव्हते, डायनोसॉर नव्हते. आणि आपण त्याच्यावर पावडर मारायला निघालो होतो.

दुसरे रहिवासी म्हणजे माइट. शेतकरी मंडळी 'लाल कोळी' म्हणून यांच्या भाऊबंदांना ओळखतात, परंतु ते पिकांवरचे. पाचोळ्यातले निराळे. त्यांतले काही तपकिरी, गोल, चकचकीत. पॉलिश केलेल्या राजगिऱ्याच्या दाण्यासारखे. काहींची तर मोठी मौज आहे. ब्रशने स्पर्श केला की पाय आत घेतात, डोक्याकडचा भाग झाकणासारखा लावून घेतात आणि डबी बंद! दहा-पंधरा मिनिटे आम्ही सहा जण श्वास रोखून एका डबीकडे पहात बसलो होतो. शेवटी झाकण उघडले, एक पाय बाहेर आला, नेमका तेव्हाच तास संपल्याची घंटा झाली.

या माइटच्या घराण्यातला एक जण मात्र आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. मृगाचा पाऊस पडला की लाल मखमलीचा गोळा जमिनीवर चालताना दिसतो, तो मृगाचा किडा. आमच्या घरातील वडीलधारी माणसे उर्दू वाचणारी. ती त्याला बीरबहूटी म्हणतात. लहानपणी आपण त्याला काड्यापेटीत ठेवला असेल. त्याला कीटक म्हणण्याची आपली सवय, पण मोजून पहा, पाय आठ भरतील. अगदी बालपणी मात्र त्याला सहाच पाय असतात आणि त्या वयात तो दुसऱ्या किड्यांच्या अंगाला चिकटून रस शोषतो.

आणि खोटा विंचू! इंग्रजी नाव स्यूडोस्कॉर्पियन, त्याचा अर्थही तोच. विंचवासारख्या दोन नांग्या पुढे धरून हा चालतो, पण मागे शेपूट नाही नि डंख नाही. आकार तांदळाच्या कणीएवढा. पहिल्यांदा तो ताटलीत दिसला तेव्हा, खोटे कशाला बोलू, मीच ताटली टाकून दिली. माणसाला तो काही करीत नाही. लांबच्या प्रवासाला निघायचे झाले तर हा एखाद्या माशीचा किंवा भुंग्याचा पाय नांगीत धरतो आणि फुकट जातो. एस.टी.च्या मागच्या शिडीला लोंबकळून जाणाऱ्यांची मुलांना आठवण झाली.

शिवाय वाणी, गोमा, लाकडी उवांसारखे दिसणारे राखाडी जीव, बारीक कोळी, आणि मुंग्या तर विचारू नका. स्ट्रुमिजेनिस नावाच्या एका जातीच्या मुंग्या मुख्यतः टुणटुण्यांचीच शिकार करतात. त्यांचा जबडा चापासारखा मिटतो. म्हणजे इकडे पोटाखाली चाप, तिकडे तोंडात चाप, आणि ज्याचा आधी सुटेल तो जिंकला. हे युद्ध आपल्या चपलेच्या टाचेखाली चाललेले असते.

आता 'कोण काय करतं' या प्रश्नाकडे येतो. पान कुजविण्याचे मुख्य रासायनिक काम बुरशी नि जीवाणूच करतात. तेव्हा माझे वर्गातले उत्तर अगदीच चूक नव्हते, अर्धे होते. परंतु पान कुरतडायचे, चुरायचे, बुरशी चरायची, तिचे बीजकण अंगावर इकडून तिकडे न्यायचे, हे काम या लहान प्राण्यांचे. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथील संशोधक एडवर्ड्स आणि हीथ यांनी 1963 साली एक साधा, सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. ओक नि बीच झाडांच्या पानांच्या सारख्या चकत्या त्यांनी जाळीच्या पिशव्यांत घालून जमिनीत पुरल्या. काही पिशव्यांची जाळी मोठी, गांडुळे आत जावीत अशी, काहींची लहान, आणि काहींची इतकी बारीक की जंतूंखेरीज कोणालाच प्रवेश नाही. मोठ्या जाळीतली पाने पुष्कळशी नाहीशी झाली. सर्वांत बारीक जाळीतल्या चकत्या कित्येक महिन्यांनंतरही जवळजवळ अखंड राहिल्या.

आमच्या मुलांनी हा प्रयोग गरिबीत केला. मच्छरदाणीच्या तुकड्याची एक पिशवी, जुन्या मलमलीच्या ओढणीची दुसरी. दोन्हींत गिरीपुष्पाची पाने. आंब्याचे पान आम्ही मुद्दाम घेतले नाही. ते जाड, चिवट, लवकर दाद देत नाही, आणि मुलांना धीर नसतो. दिवाळीच्या सुटीनंतर पिशव्या उघडल्या. मच्छरदाणीत शिरा तेवढ्या उरल्या होत्या. मलमलीतली पाने काळी पडली होती, पण पाने म्हणून ओळखू येत होती. एवढे प्रयोगशाळेचे सामान आपल्या प्रत्येक शाळेत आहे.

हे जीव गोळा कसे करावयाचे, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण यात मी पुष्कळ चुका केल्या आहेत आणि त्या आपल्या शिक्षकांनी पुन्हा करण्याचे कारण नाही.

सर्वांत सोपी रीत म्हणजे चाळण आणि पांढरी ताटली. ओंजळभर पाचोळा चाळणीत घ्यावा, ताटलीवर हलवावा, नि पहात बसावे. बोटाने उचलावयास गेलात तर प्राणी चिरडतो. चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश ओला करून टोकाने उचलावा.

दुसरी रीत इटलीच्या अँतोनिओ बर्लेझे यांनी 1905 साली सांगितली आणि स्वीडनच्या आल्बर्ट टुलग्रेन यांनी 1918 साली तीत सुधारणा केली. बर्लेझे गरम पाण्याची उष्णता वापरीत. टुलग्रेन यांनी विजेचा दिवा लावला. तत्त्व असे, की या जिवांना कोरडेपणा नि उजेड सोसत नाही. नरसाळ्यात जाळी बसवून तीवर पाचोळा ठेवावा, वर दिवा लावावा. पाचोळा वरून सुकत जातो तसतसे ते खाली खाली सरकतात आणि शेवटी नरसाळ्यातून खालच्या बाटलीत पडतात. आम्ही शीतपेयाची दोन लिटरची बाटली कापली, वरचा भाग उलटा ठेवला, नरसाळे तयार झाले. मोठ्या उत्साहाने दिवा लावला. एक दिवस गेला, दोन गेले, बाटलीत काही नाही. तिसऱ्या दिवशी एका मुलाने दिव्याखाली हात धरला आणि म्हणाला, "सर, हा गरमच होत नाही." एल.ई.डी.चा दिवा! टुलग्रेन साहेबांच्या काळचा पिवळा, तारेचा बल्ब हवा होता. तो मिळविण्यासाठी बाजारातली चार दुकाने पालथी घातली. शेवटी एका जुन्या दुकानदाराने माळ्यावरून धूळ झटकून 40 वॅटचे दोन काढून दिले. त्यानंतर उलट चूक झाली. बल्ब फार जवळ लावला, पाचोळा झपाट्याने सुकला आणि मंडळी खाली पोचण्याआधीच वाळून मेली. दिवा वीतभर वर ठेवावा, दोन-तीन दिवस लागू द्यावेत. आमच्याकडे पावसाळ्यात वीज असतेच असे नाही, तर तितके दिवस अधिक धरावेत.

आणि चिठ्ठी! बाटलीत जतन करायचे ते सत्तर-ऐंशी टक्के स्पिरिटमध्ये, नि चिठ्ठी आतच टाकायची, पेन्सिलीने लिहून: गाव, जागा, कोणत्या झाडाखाली, तारीख, कोणी गोळा केले. मी मराठीचा शिक्षक. सुवाच्य अक्षरात बॉलपेनने चौदा चिठ्ठ्या लिहिल्या. महिन्याभरात स्पिरिटने शाई धुऊन काढली. चौदा बाटल्या मुक्या झाल्या. आत प्राणी आहेत, पण ते कुठले, केव्हाचे, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. प्राण्याचा जीवही गेला आणि ज्ञानही हाती लागले नाही, हे शल्य मला अजून आहे.

त्या स्पिरिटवरून घरातही एक प्रसंग घडला. बाटली कपाटात पाहून अम्मीने विचारले, "हे काय आणलंस घरात?" मी समजावून सांगितले, की हे पिण्याचे नव्हे, प्राणी टिकविण्याचे आहे, दवाखान्यात जखमेला लावतात त्यातलेच. तिने ऐकून घेतले. बाटली मात्र त्या दिवसापासून शाळेत आहे.

पण स्पिरिटचा खरा प्रश्न अम्मीने नव्हे, त्या मागच्या बाकावरच्या मुलीने विचारला. बाटलीत पडलेला खोटा विंचू पाय आखडून घेताना तिने पाहिला आणि म्हणाली, "सर, याला मारायलाच पाहिजे होतं का?"

मी पुन्हा एकदा निरुत्तर झालो. त्या वेळेपर्यंत मी संग्रहाच्या नादात होतो. बाटल्यांची संख्या वाढते याचा अभिमान वाटे. त्या दिवसानंतर आम्ही छायाचित्रांकडे वळलो. फोनवर चिमट्याने बसवायची दोन-अडीचशे रुपयांची भिंगे मिळतात, ती पुरतात. पण चित्र काढणे म्हणजे सोपे काम असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. भिंगाखाली एखाद्या केसाच्या जाडीएवढाच भाग स्पष्ट येतो. डोके नीट आले तर पाठ धूसर. प्राणी थांबत नाही. आणि टुणटुण्या तर नेमका बटन दाबताना उडतो. शेकडो चित्रांत आमच्याकडे रिकाम्या पानाची उत्तम छायाचित्रे आहेत. हळूहळू युक्त्या सापडल्या. फोन पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांवर आडवा ठेवायचा. उजेड थेट न टाकता ट्रेसिंग पेपरमधून टाकायचा, म्हणजे चकाकी येत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बेकरीतला कोळसा कुटून मिसळायचा आणि डबीच्या तळाशी ओतायचा. थोडे पाणी शिंपडले की ओल टिकते, काळ्या पाटावर पांढरे जीव उठून दिसतात आणि त्या डबीत ते आठवडेच्या आठवडे सुखाने राहतात. शेजारी गणिताच्या आलेखाच्या कागदाची चिंधी ठेवायची, म्हणजे मिलिमीटरचे माप चित्रातच येते. काम झाले की जिथून आणले तिथेच, त्याच झाडाखाली सोडायचे.

मला वाटले प्रश्न मिटला. मग आमच्या संग्रहातील सर्वांत चांगले चित्र मी तालुक्याच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखविले. त्यांनी मनापासून कौतुक केले आणि विचारले, "नमुना कुठे आहे?" मी म्हणालो, "सोडून दिला." ते हसले. म्हणाले, "चित्र फार छान आहे, पण एवढ्यावरून जात सांगता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली याच्या पायाची नखं, अंगावरचे केस मोजावे लागतात."

म्हणजे चित्रात रंग राहतो, चाल राहते, पण नाव मिळत नाही. बाटलीत नाव मिळते, पण रंग उडतो आणि जीव जातो. यातून मार्ग काय, यावर सातवीच्या वर्गात एक अख्खा तास चर्चा झाली. दोन मुले शेवटपर्यंत म्हणत राहिली, की नावाची गरजच काय. मला ते पटले नाही. नाव नसले तर हा प्राणी दुसऱ्या गावी आहे की नाही, पुढच्या वर्षी राहिला की गेला, हे आपण कसे सांगणार? अखेरीस ठरले ते असे. आधी जिवंतपणी चित्र काढायचे. तसेच दहा दिसले तरच एक बाटलीत घालायचा, तेही ज्याची पेन्सिलीची चिठ्ठी आधी लिहून तयार आहे त्यालाच. ती मुलगी चिठ्ठ्या लिहिते. मारण्याच्या बाजूने तिने आजही हात वर केलेला नाही, पण चिठ्ठीत तिची चूक काढून दाखवावी.

या नियमाला एकदाच अपवाद केला. बाटली नंबर 31. फिकट पिवळसर, दीड मिलिमीटरचा एक जीव. डोळे नाहीत, मिशा नाहीत, पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून चालणारा. एकच मिळाला. प्रोट्युरा नावाचा असा एक गट आहे, त्याची पहिली ओळख इटलीच्या फिलिप्पो सिल्व्हेस्त्री यांनी 1907 साली जगाला करून दिली. माणूस चंद्रतारे मोजत होता, आगगाड्या धावत होत्या, आणि पायाखालचा हा शेजारी तोवर कोणाच्या नोंदीतच नव्हता. आमचा 31 नंबर त्यांतला असावा असे प्राध्यापक महाशय म्हणतात. काचपट्टी करून पहायची आहे.

हा 31 नंबर कुठे मिळाला, ते सांगतो, कारण आज मी इथे आलो आहे ते खरे म्हणजे त्यासाठी.

आमच्या शाळेचे आवार आम्ही दरवर्षी झाडून जाळत आलो. तिथे मोजक्याच चार-पाच तऱ्हा मिळत. बागांत त्याहून थोड्या अधिक. एका देवराईच्या कडेला, गावकऱ्यांना विचारून, आम्ही ओंजळभर पाचोळा घेतला तेव्हा मुलांची वही भरली. तिथला पाचोळा कोणी हलवीत नाही. परत येताना एक मुलगा म्हणाला, "सर, असा जुना पाचोळा आपल्या कबरस्तानात पण आहे."

खरे होते. गावाच्या कबरस्तानात भिंतीकडेला आंबा, उंडी नि चाफ्याची जुनी झाडे आहेत. त्यांना कोणी हात लावीत नाही. मी जमातीच्या ज्येष्ठांकडे परवानगी मागितली. एक बुजुर्ग म्हणाले, "मास्तर, तिथं पोरांना नेऊन काय शोधणार?" मी बाटली दाखविली. त्यांनी भिंगातून पाहिले, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग अटी घातल्या: कबरींपासून दूर, भिंतीकडेलाच, माती उकरायची नाही, आवाज करायचा नाही. आम्ही उंडीखालून एक ओंजळ घेतली. मुलांनी वहीत एकोणीस निरनिराळ्या तऱ्हा चितारल्या. 31 नंबर त्यांतलाच.

पुढे 2025 च्या फेब्रुवारीत, शबे बरातीच्या आधी, गावातील तरुणांनी दरवर्षीप्रमाणे कबरस्तानाची सफाई केली. मनापासून केली. वाटा झाडल्या, कबरींवरचे गवत काढले आणि भिंतीकडेचा सारा पाचोळा गोळा करून पेटवून दिला. त्या तरुणांत माझे दोन माजी विद्यार्थी होते. त्यांचा काहीही दोष नाही. मी दोन वर्षे बाटल्या भरीत होतो, प्रदर्शनात मांडीत होतो, शाबासकी घेत होतो. पण पाचोळा जाळू नका, एवढे एक वाक्य मी गावात कोणाला बोललो नव्हतो. पावसाळ्यात त्याच उंडीखाली पुन्हा ओंजळ घेतली. टुणटुणे होते, ते पहिल्यांदा परततात असे दिसते. माइटच्या दोन तऱ्हा होत्या. वहीचे पान निम्मेही भरले नाही.

भाजावळीला नावे ठेवण्यासाठी मी उभा नाही. माझे वडीलही भाताच्या तरव्यासाठी राब भाजत. तण मरते, राख मिळते, त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. मी बोलतो ते आवारातल्या, रस्त्याकडेच्या, कबरस्तानातल्या पाचोळ्याविषयी, जो आपण केवळ तो कचरा दिसतो म्हणून जाळतो. यावर मला एक उत्तर हटकून मिळते: "पाचोळ्यात फुरसं असतं." हे उत्तर मी हसण्यावारी नेत नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरशाला कोण हसेल? आमची मुले पाचोळ्यात हात घालीत नाहीत; बूट घालून, दिवसाउजेडी, लांब दांड्याने आधी पाने उलटवून मगच चाळण लावतात. घराजवळचा, वाटेवरचा पाचोळा झाडलाच पाहिजे. परंतु झाडलेला पाचोळा जाळलाच पाहिजे, असे कुठे आहे? भिंतीकडेला, वहिवाटीपासून दूर, खड्ड्यात किंवा झाडाच्या बुंध्याशी तो टाकता येतो.

जमातीच्या बैठकीत मी हे मांडले. एकमत झालेले नाही. काहींना ते पटले. काही म्हणाले, कबरस्तान स्वच्छ दिसले पाहिजे, पाचोळा राहिला तर लोक नावे ठेवतील. पुढच्या सफाईच्या आधी पुन्हा बैठक आहे आणि या सभागृहात बसलेले काही जण त्या बैठकीत असणार, हे मला माहीत आहे. शाळेपुरते मात्र मुख्याध्यापकांनी ठरविले आहे, की आवारातला पाचोळा जळणार नाही. फणसाखाली खड्डा खणला आहे, शिपाईमामांनी स्वतः.

आपल्या घरांत निसर्गाचा विषय निघाला की डॉ. सलीम अलींचे नाव अभिमानाने घेतले जाते, आणि ते घ्यावेच. पण आपली मुले ते नाव सामान्यज्ञानाच्या परीक्षेसाठी पाठ करतात नि झाडावरचा पक्षी ओळखू शकत नाहीत; त्यात मीही आलो. निदान पायाखालचे तरी दोन शेजारी त्यांच्या ओळखीचे असावेत.

माझा वेळ संपत आला आहे, अध्यक्ष महाशय घड्याळ पहात आहेत. मागच्या टेबलावर सातवीच्या मुलांनी तीन भिंगे, काळ्या तळाच्या चार डब्या आणि अठ्ठावीस बाटल्या मांडल्या आहेत. 31 नंबर लाल दोऱ्याने बांधला आहे, तो कृपया हलवू नये. डब्यांतले सर्व जिवंत आहेत. झाकण उघडू नका. उघडलेच, तर चहाचा कप तिथून लांब ठेवा.